बहिर्दिशा : गडावरचं ‘बाहेर’ नेमकं कुठे असतं?

आजचा विषय जाहीर झाला आणि आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, “सर, आयुष्यभर कांट शिकवलात, आणि आता हे?” आम्ही त्याला म्हटलं, अरे, कांटही रोज सकाळी जातच असणार की. (हशा)

विषय सरळच सांगतो. सह्याद्रीत ट्रेकला गेलेल्या माणसाने शौचाला कुठे बसावं, आणि नंतर त्या मैल्याचं काय करावं? नवी मुंबईत बसून हे बोलण्याला कारण आहे. इथल्या कितीतरी घरांतली मुलं शनिवारी रात्री पाठपिशवी भरतात आणि रविवारी कलावंतीण, प्रबळगड, इर्शाळगड, पेब, राजमाची गाठतात. बॅटरी, पाणी, दोर, चकल्या, सगळ्याची यादी होते. या एका गोष्टीची होत नाही. लाज वाटते. आणि ज्याची लाज वाटते त्याचा विचार करायचं आपण टाळतो.

आपल्या भाषेत या क्रियेला आडपडद्याचे शब्द पुष्कळ आहेत. परसाकडे जाणं, टमरेल घेऊन जाणं, शाळेत तर नुसती बोटं दाखवणं. त्यातला सगळ्यांत भारदस्त शब्द म्हणजे बहिर्दिशेला जाणं. बहिर् म्हणजे बाहेर. घराच्या बाहेर, वस्तीच्या बाहेर, नजरेच्या बाहेर. आता तत्त्वज्ञानाच्या माणसाला खोड असते ती शब्द खणायची. डावं-उजवं जसं तुम्ही कुठे तोंड करून उभे आहात यावर ठरतं, तसं ‘बाहेर’ हे कोणाचं घर कुठे आहे यावर ठरतं. आपलं बाहेर हे दुसऱ्या कोणाचं तरी आत असू शकतं. आजचं सगळं व्याख्यान या एका वाक्याभोवती फिरणार आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. कर्जतच्या बाजूच्या एका गडाखाली ठाकरांची वाडी आहे. नाव मुद्दाम सांगत नाही. पहाटे निघून आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा सोमवार होता. वाडीच्या वरच्या अंगाला कातळात खोदलेलं टाकं आहे, पाणी नितळ. तरी बायका हंडे घेऊन खालच्या झऱ्याकडे चाललेल्या. एका म्हाताऱ्या बाईंना विचारलं, मावशी, वर पाणी असताना खाली का? त्या म्हणाल्या, “सोमवारी नाय भरत आम्ही त्या टाक्याचं. रविवार तुमचा असतो ना.” त्या रागाने बोलल्या नाहीत. ‘आज बाजार असतो’ म्हणावं तसं त्यांनी ते सांगितलं. टाक्याच्या वरच्या पठारावर शनिवारी-रविवारी तंबू पडतात आणि सकाळी माणसं टाक्याच्याच बाजूच्या झुडपांत बसतात. आपलं बाहेर ते मावशींचं आत होतं.

आता हे घडतं कसं ते जरा नीट पाहू.

मातीत पुरलं की झालं, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. ते पूर्ण खोटं नाही. मातीचा वरचा वीतभर थर जिवंत असतो. त्यातले जिवाणू, बुरशी, किडे मिळून मैल्याचा निकाल लावतात. म्हणून जगभर गिर्यारोहकांना सांगतात की १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करा. त्याहून उथळ केला तर जनावर उकरतं, त्याहून खोल केला तर कुजवणारे जीव तिथे कमी असतात. आणि पाणी, वाट, मुक्काम या तिन्हींपासून ६० मीटर लांब करा. पण पुरणं म्हणजे निर्जंतुक करणं नव्हे. अमेरिकेतल्या मोंटानाच्या डोंगरांत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला संशोधकांनी असे खड्डे करून पाहिले. हिवाळा उलटून गेल्यावर पुन्हा उकरले तरी आजार देणारे जिवाणू त्यात जिवंत होते.

ही तर भरपूर मातीच्या देशातली कथा. आपला सह्याद्री म्हणजे काळा कातळ. खालच्या जंगलपट्ट्यात पालापाचोळ्याची बरी माती आहे. वर चढाल तसा थर पातळ होतो, आणि माथ्यावर खुरपं मारलं तर ठणकन आवाज येतो. तिथे वीतभर खड्डा होतच नाही. मग माणूस दगड ठेवतो आणि निघतो. दगडाखाली मैला कुजत नाही, नुसता झाकला जातो. त्यावर आपला पाऊस. घाटमाथ्यावर चार महिन्यांत काही हजार मिलिमीटर कोसळतो, आणि नेमकी त्याच चार महिन्यांत ट्रेकची गर्दी सर्वांत जास्त. ज्या घळीतून आपण पायवाट म्हणून चढतो ती जुलैत ओढा असते. दगडाखालचं सगळं दोन तासांत खाली येतं. कातळाला भेगाही असतात. गडावरची जिवंत टाकी त्या भेगांतल्या पाझरावरच भरतात. जे पाणी पाझरतं त्याच्याबरोबर काय पाझरतं हे डोळ्यांना दिसत नाही.

आकडा हवा असेल तर साधा हिशेब करू. माणसाचा एका वेळचा मैला सरासरी दोनशे ग्रॅम धरा. समजा, एखाद्या रविवारी गडावर पाचशे माणसं आली आणि त्यांतली शंभरच बसली. वीस किलो झाले. पावसाळ्याचे सतरा-अठरा रविवार धरले तर साडेतीनशे किलोच्या आसपास. हे सगळं सगळ्या डोंगरभर पसरत नाही. वाटेच्या कडेला, टाक्याच्या मागे, बुरुजाच्या आडोशाला, म्हणजे माणसाला सोयीच्या त्याच आठ-दहा जागी पडतं.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला, “सर, जनावरंही करतातच की.” करतात. पण विषमज्वराचा जंतू फक्त माणसात राहतो. तो गुराढोरांच्या शेणातून येत नाही. कॉलरा, हगवण, दूषित पाण्याने होणारी कावीळ यांचीही मुख्य वाट माणसाकडून माणसाकडे, आणि मधे पाणी. जंतांची अंडी तर मातीत महिनोन्‌महिने टिकतात. दुसरा आक्षेप, “वाडीतली माणसंसुद्धा वर्षानुवर्षं उघड्यावर बसतच होती.” होती. पण तीस घरांची वाडी आपला उतार ओळखते. पाणी कुठून कुठे वाहतं हे तिथल्या पोरालाही ठाऊक असतं. पाचशे पाहुण्यांना तो उतार ठाऊक नसतो, आणि विचारायची रीत नाही.

आता थोडं घराजवळ येऊ. आपण सकाळी नळ उघडतो ते पाणी कुठून येतं? मोरबे धरणातून. खालापूर तालुक्यात, चौकजवळ, धावरी नदीवर ते धरण आहे. इर्शाळगडावर गेलेल्यांनी तो जलाशय पायाखाली पसरलेला पाहिला असेल. त्या अंगाच्या उतारावरचा पाऊस उतरून जातो कुठे? ज्याला आपण डोंगरातलं ‘बाहेर’ समजून बसलो, ते आपल्याच माठाचं वरचं टोक निघतं. लगेच घाबरून जायचं कारण नाही. जलाशय प्रचंड असतो, पाणी शुद्धीकरण केंद्रातून गाळून, क्लोरीन घालून येतं. आपल्याला धोका नगण्य. पण मधल्या उतारावरच्या वाड्यांना ना जलाशयाचं प्रमाण आहे ना क्लोरीन. तेच पाणी, तोच डोंगर. आपल्यापर्यंत येताना त्याची घाण निघते, त्यांच्यापर्यंत जाताना निघत नाही. अन्यायाची यापेक्षा स्वच्छ व्याख्या आम्हाला वर्गात कधी देता आली नाही.

आपल्या पूर्वजांना हे कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात दुर्गांचं प्रकरण आहे. गड बांधण्याआधी पाणी पाहावं, पाणी जपून ठेवावं, केरकचरा वाटांवर पडू देऊ नये, गडाखाली न टाकता जागच्या जागी जाळून त्याची राख परसातल्या भाजीला घालावी, असा त्याचा आशय. ‘गडाखाली न टाकता’ हे शब्द लक्षात ठेवा. खाली माणसं राहतात हे त्यांच्या ध्यानात होतं. रायगडावर राणीवशाच्या अवशेषांत शौचकूप आजही दाखवतात. म्हणजे गड बांधणाऱ्यांनी जागा ठरवून दिली होती. आपण मात्र तिथे जाऊन जागा मिळेल तिथे बसतो.

त्याहून जुना दाखला मनुस्मृतीचा. चौथ्या अध्यायात मलमूत्र कुठे करू नये याची यादी आहे. वाटेवर नको, पाण्यात नको, नदीकाठी नको, पडक्या देवळात नको, आणि चक्क डोंगराच्या माथ्यावर नको. वाचून कोणी ट्रेकचा म्होरक्या खूष होईल. पण थांबा. हाच ग्रंथ माणसांचीही यादी करतो. कोणी शुद्ध राहायचं आणि कोणी अशुद्ध कामं करायची, हे जन्मावर ठरवतो. म्हणजे ‘कुठे करू नये’ हे सांगितलं, आणि ‘ते उचलायचं कोणी’ हा प्रश्न जातीवर ढकलून दिला.

रायगडाला जाताना महाड लागतं. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी तिथल्या चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. त्यानंतर गावातल्या काही सवर्णांनी ते तळं ‘शुद्ध’ केलं. कशाने? शेण, गोमूत्र, दूध, दही त्यात ओतून. माणसाच्या ओंजळीने पाणी बाटतं, आणि शेणाने ते शुद्ध होतं! त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली गेली. आम्ही हे इथे आणतो ते एवढ्यासाठी की आपल्या मनात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत पिढ्यान्‌पिढ्या झालेली आहे. एक विटाळ, दुसरी घाण. विटाळ मनात असतो. घाण पाण्यात असते. विटाळाचं आपल्याला फार भान, घाणीचं फार कमी. आपलंच आपण उचलावं म्हटलं की अंगावर काटा येतो, तो विटाळाचा. टाक्याजवळ बसताना काटा येत नाही, कारण तिथे प्रश्न घाणीचा असतो.

ही गाठ सोडवायचा एक माणसाने प्रयत्न केला, तोही कोकणातलाच. अप्पासाहेब पटवर्धन. जन्म १८९४, मृत्यू १९७१. लोक त्यांना कोकणचे गांधी म्हणत. १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तिथे मैला साफ करण्याचं काम आपल्याला करू द्यावं अशी त्यांची मागणी होती. ते काम ठरावीक जातीच्या कैद्यांकडेच असे, म्हणून तुरुंगाने नकार दिला. अप्पासाहेबांनी अन्न कमी केलं, आणि डिसेंबर १९३२ मध्ये येरवड्यात असलेल्या गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी उपोषण सुरू केलं. विचार करा, एक सुशिक्षित ब्राह्मण माणूस काय मागत होता? सवलत नाही, संडास साफ करायची परवानगी. पुढे कणकवलीला गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचं खत करणारे साधे संडास बनवले आणि त्यांचा प्रचार केला. त्यांचा आग्रह तंत्राचा होता, पण तंत्रामागे एक प्रश्न होता: असा संडास का नसावा, की ज्यासाठी दुसऱ्या माणसाला खाली वाकावं लागणार नाही?

गडावर हा प्रश्न उघडावाघडा होतो. शहरात बटण दाबलं की मैला ‘जातो’. कुठे जातो, वाहिनी तुंबली तर कोण उतरतो, हे दिसत नाही. हाताने मैला साफ करवून घेण्याला बंदी करणारा कायदा २०१३ सालचा आहे, आणि तरी मॅनहोलमध्ये गुदमरून मेल्याच्या बातम्या आपण वाचतो. गडावर बटण नाही. तिथे आपण आणि आपला मैला समोरासमोर. म्हणून आम्हाला वाटतं की ट्रेक ही नागरिकशास्त्राची सर्वांत चांगली शाळा आहे.

आता करायचं काय ते सांगतो. वहीत लिहून घ्या, पुढच्या रविवारी उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, निघण्याआधी. शक्यतो पायथ्याच्या गावातच उरकावं. ज्या घरी चहा-पोहे घेता तिथे विचारा, संडास वापरू का, आणि त्याचे पैसे वेगळे द्या. पाणी त्यांनी डोक्यावरून आणलेलं असतं.

दुसरी, म्होरक्याची जबाबदारी. चढाई सुरू करताना पाणी कुठे आहे हे सांगतो तसंच ‘बसायची जागा’ कुठे हेही मोठ्याने सांगावं. मुलींच्या बाबतीत हे फार गरजेचं. जागेची खात्री नसली की त्या दिवसभर पाणी पीत नाहीत, लघवी दाबून धरतात आणि आजारी पडतात. एक जुनी चादर आडोशाला पुरते. पाळीच्या दिवसांसाठी वेगळी जाड पिशवी गटाच्या सामानातच असू द्यावी. मागावी लागू नये.

तिसरी, जागा. पाण्यापासून, वाटेपासून, मुक्कामापासून सत्तर-ऐंशी मोठी पावलं. टाक्याच्या वरच्या अंगाला कधीच नाही. घळीत, ओढ्याच्या कोरड्या पात्रात नाही. गुहेत, देवळात, तटाच्या आडोशाला नाही. खुरपं घ्या, वीतभर खणा, झाल्यावर तीच माती लोटा, पाला पसरा. हे जंगलपट्ट्यात आणि कोरड्या दिवसांत चालतं. आपली पाण्याची सवय चांगली आहे, कागद उरत नाही. फक्त धुणं खड्ड्यावरच व्हावं. ओले रुमाल म्हणून जे पाकिटात मिळतात त्यांत बहुतेकदा प्लॅस्टिकचे धागे असतात. ते पुरायचे नाहीत, परत आणायचे. हात साबणाने धुवा, पण बाटलीत पाणी घेऊन, टाक्यापासून लांब. आणि टाक्यात पाय सोडून बसायचं नाही, कितीही छान फोटो येत असला तरी.

चौथी, कातळावर आणि पावसाळ्यात. इथे पुरणं शक्य नाही, म्हणून परत आणणं हाच प्रामाणिक मार्ग. ऐकून तुम्ही चुळबुळ करताय ते दिसतंय. (हशा) पण हे काही आमच्या डोक्यातून निघालेलं नाही. अमेरिकेत माउंट व्हिटनीच्या वाटेवरचे संडास काढून टाकले आणि प्रत्येकाने पिशवीत घालून खाली आणायचं असा नियम केला. एव्हरेस्टच्या बाजूच्या खुंबू पासाङल्हामु गाउँपालिकेने २०२४ साली गिर्यारोहकांना तेच बंधनकारक केलं. त्या पिशव्यांत मैला घट्ट करणारी भुकटी असते. आपल्याकडे त्या मिळाल्या तरी एक अडचण उरते: ती पिशवी टाकणार कुठे? वाडीच्या उकिरड्यावर? सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यात? तिथे ती उघडणार आहे सफाई कामगाराच्या हातात. मग आपण गड स्वच्छ ठेवला आणि घाण पुन्हा त्याच माणसाला दिली.

म्हणून आमचा उपाय जुनाट आहे. रुंद तोंडाचा, घट्ट फिरकीच्या झाकणाचा एक डबा. त्यावर ठळक खूण, आणि तो दोन पिशव्यांत बांधून पाठपिशवीच्या बाहेर. घरी आलं की स्वतःच्या संडासात रिकामा करायचा, आणि तो डबा स्वतः धुवायचा. धुण्याचं काम मोलकरणीकडे द्यायचं नाही, आईकडेही नाही. डबा स्वतः धुवेपर्यंत ट्रेक संपला असं समजू नये.

काही जण म्हणतील, एवढी कटकट कशाला, सरकारने गडोगडी संडास बांधावेत. जरूर बांधावेत. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून युनेस्कोची मान्यता मिळाली. त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत. गर्दी वाढणारच आहे. पण बांधण्याआधी तीन प्रश्न विचारा. फ्लशला पाणी कुठून आणणार, गावाच्या टाक्यातून? टाकी भरली की उपसून खाली नेणार कसं, जिथे घोडाही चढत नाही? आणि तिसरा, सर्वांत महत्त्वाचा, रोज साफ कोण करणार? त्या माणसाला पगार, हातमोजे, बूट, सुट्टी मिळणार का? की पायथ्याच्या वाडीतल्याच कोणालातरी दिवसाच्या शे-दोनशे रुपयांवर ‘तुम्हाला सवय असते’ म्हणून जुंपणार? पाणी न लागणारे, भुसा-पाला टाकून खत करणारे संडास माचीच्या पातळीवर बांधता येतील. अप्पासाहेबांनी ते करून दाखवलंय. पण साफ करणाऱ्याचा हिशेब आधी मांडल्याशिवाय एकही वीट चढवू नये. प्रवेशशुल्क घ्यायचं तर त्यातला वाटा त्याच्या नावाने लिहिलेला असावा.

आमचं वय आता सत्तरीच्या पुढे आहे, गुडघे कुरकुरतात. माथ्यापर्यंत जाणं होत नाही, माचीपर्यंत जातो. तरी डबा घेऊन जातो. पहिल्यांदा घरी येऊन तो धुतला तेव्हा, खोटं का बोला, दोनदा उमासा आला. तिसऱ्यांदा नाही आला. विटाळ इतका लवकर जातो हे आम्हाला पुस्तकांतून कळलं नव्हतं. आणि तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. इतकी वर्षं आमचं हे काम कोणीतरी, कुठेतरी, रोज करत होतं. त्या माणसाला उमासा येत असेल का, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं.

त्या वाडीत आम्ही पुन्हा गेलो नाही. पण पुढे कधी सोमवारी गेलो, आणि मावशी वरच्या टाक्यावर हंडा बुडवताना दिसल्या, तर या व्याख्यानाचा उपयोग झाला असं आम्ही समजू. एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर विचारा. या विषयावर लाजायचं नाही, एवढं ठरलंय आपलं.